हँडगार्डवरचा धागा

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा डावा हात गेल्या मे महिन्यात झाड कापायच्या मशीनने निकामी झाला. हात जागेवर आहे. मनगट मात्र वर उचलले जात नाही आणि मिटलेली बोटे आपणहून उघडत नाहीत. मशीनचा ब्रेक त्या दिवशी का लागला नाही, हे यंदाच्या दसऱ्यापर्यंत चार जणांना माहीत होते. बहिणीला माहीत नव्हते. ब्रेक ज्या धाग्याने अडला तो तिने बांधला होता, आणि बांधताना गाठीवर बोट मी धरले होते.

हे आधीच सांगून टाकतो. मुख्य गोष्ट पहिल्या परिच्छेदात यावी, ही वर्तमानपत्राच्या डेस्कवर केलेल्या नोकरीची सवय आहे. बाकीचे क्रमाने.

बहिणीचे घर चिखलोलीच्या जुन्या वस्तीत आहे. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तशी अंगणातली उन्हाची वेळ कमी होत गेली. आता दुपारी तीननंतर तिथे सावलीच असते. अंगणाच्या कडेला पत्र्याची शेड आहे. तिच्यात पूर्वी पेंढा आणि भाताची पोती असत. जमीन गेल्यावर ती काही वर्षे रिकामी राहिली आणि मग मशीनची झाली.

बहिणीच्या नवऱ्याला मी दाजी म्हणतो. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. बाही कोपराच्या वर दुमडायची, बोटात अंगठी घालायची नाही, यंत्र पूर्ण थांबल्याशिवाय चिंधी जवळ न्यायची नाही. हे नियम ते घरी भाजी चिरतानाही पाळतात, अशी बहीण थट्टा करी. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याच कारखान्यात एक वेल्डर होता, त्यांच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उल्हासनगरला शहाडच्या बाजूला राहणारा. दोघांनी मिळून चेन सॉ घेतली आणि सोसायट्यांची झाडे छाटायचे काम सुरू केले. दाजी त्याला पार्टनर म्हणत. पुढे आम्ही सगळेच म्हणू लागलो.

मशीन उल्हासनगरला घेतली. दुकानदार सिंधी, सत्तरीच्या आसपासचा. काउंटरमागे स्टुलावर बसून तो दर गिऱ्हाइकाचे हात आधी बघे.

"चलाएगा कौन?" त्याने विचारले.

दाजींनी स्वतःकडे बोट दाखवले.

"तो पहले किताब पढो, साईं. चेन मेरे पास मिलेगी, बार मिलेगा, प्लग मिलेगा. उंगली का स्टॉक मैं नहीं रखता."

किताब म्हणजे मशीनबरोबर आलेली पुस्तिका. इंग्रजी आणि हिंदी, बारीक अक्षर. दाजींनी ती माझ्याकडे दिली. "तुझं कामच आहे हे. मराठीत कर. पण पेपरातल्यासारखं नको, समजेल असं कर."

मी दोन मोठ्या कागदांवर हाताने सूचना लिहिल्या. अंबरनाथ पूर्वेच्या एका झेरॉक्सच्या दुकानातून कागद प्लास्टिकमध्ये बंद करून आणले आणि शेडच्या भिंतीवर खिळ्याला लावले. त्यात फारसे काही गूढ नव्हते. इंजिन गरम असताना पेट्रोल भरू नका. मशीन हातात लोंबकळत ठेवून दोरी ओढू नका. जमिनीवर ठेवा, मागच्या मुठीत बुटाचा पुढचा भाग घालून दाबा, मग ओढा. खांद्याच्या वर कापू नका. शिडीवर उभे राहून कापू नका. पुढची मूठ धरताना अंगठा खालून वळवून घ्या. साखळी ज्या लांबट पट्टीवरून फिरते तिच्या टोकाने काहीही कापू नका, आणि ते टोक कशाला लागते आहे हे दिसत नसेल तर थांबा.

नववी सूचना हँडगार्डची होती. पुढच्या मुठीसमोर प्लास्टिकचा एक उभा पंजा असतो, तो हँडगार्ड. मुठीकडे ओढलेला असला की साखळी फिरू शकते. पुढे ढकलला की साखळी जागच्या जागी थांबते. पट्टीचे टोक एखाद्या फांदीला लागले तर मशीन उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. तेव्हा डावे मनगट या गार्डवर आदळते, किंवा झटक्यानेच तो पुढे पडतो, आणि ब्रेक लागतो. मी लिहिले होते: "हँडगार्ड पुढे-मागे मोकळा हलला पाहिजे. दर वेळी मशीन सुरू करण्याआधी हलवून पाहा." 'दर वेळी' या शब्दांखाली मी लाल रेघ मारली होती.

दाजींनी दोन्ही कागद पाठ केले. टर्नरला ते अवघड नव्हते. संध्याकाळी काम आटोपून आले की ते शेडसमोर पाटावर बसत आणि मशीन मांडीसमोर घेत. आधी कव्हर काढून आतला भुसा जुन्या दात घासायच्या ब्रशने साफ. मग एअर फिल्टर रॉकेलऐवजी साबणाच्या पाण्यात. रॉकेल स्वस्त पडते, पण पुस्तिकेत नाही म्हटले होते. पट्टी दर आठवड्याला उलटी करायची, म्हणजे एकाच कडेने झिजत नाही. साखळी थंड झाल्यावर चिमटीने वर ओढून बघायची. सोडली की चटकन परत बसली पाहिजे. शेवटी गोल कानस. प्रत्येक दाताला तीन हात, आतून बाहेर, न दाबता. एका बाजूचे दात झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे.

"धार गेलेली कशी ओळखायची माहितीय?" ते मला सांगत. "भुशाकडे बघायचं. धार असली की ढलप्या पडतात, तांदळाएवढ्या. धार गेली की पीठ पडतं. पीठ पडायला लागलं की माणूस जोर लावतो. जोर लावला की संपलं."

पार्टनर बाजूला बसून चहा पीत असे. "दाजी, तुम्ही मशीनची एवढी सेवा करता, वहिनींना सवत आणल्यासारखं वाटेल."

"सवत बरी," बहीण स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. "ती निदान अंगणभर भुसा पाडणार नाही."

तीन उन्हाळे असे गेले. गुलमोहर, सुबाभूळ, पर्जन्यवृक्ष. नगरपालिकेचा परवानगीचा कागद दाखवल्याशिवाय दाजी फांदीला हात लावत नसत, त्यामुळे सोसायट्यांना त्यांचा विश्वास वाटे. झाडावर चढायचे काम पार्टनर करी, हातकरवत आणि दोर घेऊन. मशीन दाजी जमिनीवर चालवत. पार्टनरने ती क्वचितच हातात घेतली होती.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी सकाळीच चिखलोलीला गेलो. बहीण दरवर्षी घरातल्या सगळ्या वस्तूंची पूजा करते. पाटा-वरवंटा, विळी, कोयता, दाजींचे जुने मायक्रोमीटर, स्कूटर. त्या वर्षी तिने मशीनही मागितली. आधीच्या वर्षी ती दुरुस्तीला गेली होती, त्याच्या आधी नवी होती आणि दाजींनी हळद-कुंकवाने खराब होईल म्हणून दिली नव्हती.

पार्टनर त्या दिवशी येत नसे. तो बौद्ध आहे. त्या दिवशी ते कुटुंब पांढरे कपडे घालून सकाळपासून विहारात असते.

दाजींनी मशीन नुकतीच साफ केली होती. बाजूचे कव्हर काढायचे तर ब्रेक सोडावा लागतो, म्हणून हँडगार्ड मुठीकडे ओढलेला होता. कव्हर बसवून त्यांनी मशीन तशीच पाटावर ठेवली. बहिणीने पट्टीवर हळदीची बोटे उमटवली, टाकीच्या झाकणाला कुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मग तिने पूजेचा लाल नाडा घेतला. स्कूटरच्या हँडलला ती तोच बांधते. मशीनला हँडल कुठले, तर पुढची मूठ. मुठीवर नाडा घसरू लागला, कारण ती गुळगुळीत होती. तेव्हा तिने मूठ आणि समोरचा पंजा दोन्ही एकत्र घेऊन पाच वेढे दिले.

"बोट ठेव रे," ती म्हणाली.

मी गाठीवर बोट ठेवले. तिने गाठ आवळली. मी बोट काढून घेतले.

मला तेव्हा दिसले होते का, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. दिसले होते. माझी नववी सूचना माझ्या डोक्यापासून तीन हातांवर टांगलेली होती. मला वाटले, उद्या कामाला निघताना दाजी सोडतील. यंत्राचा माणूस आहे, त्याला आपण काय सांगायचे. शिवाय पूजा चालू होती.

"कापायचा नाही हं," बहिणीने दाजींना बजावले. "आपोआप गळून पडू दे. आईच्या घरी कोयत्याचा नाडा वर्ष-वर्ष राहायचा."

"बरं," दाजी म्हणाले.

कोयत्याला ब्रेक नसतो.

पुढचे मला पार्टनरने सांगितले. दसऱ्यानंतर पहिल्याच कामाला गार्ड हलेना. पार्टनरने बघितले. दाजींनीही बघितले. दाजी म्हणाले, "राहू दे. चार दिवसांत झिजून तुटेल." नाडा झिजला नाही. साखळीचे तेल आणि बारीक भुसा त्यात मुरत गेला आणि तो वाळलेल्या वादीसारखा कडक झाला. दाजी सुरुवातीला कामाच्या आधी गार्डला सवयीने हात लावत, तो हलत नाही हे बघत आणि पुढच्या गोष्टीकडे वळत. नंतर हात लावणेही थांबले. बाकी सगळे चालू होते. साबणाचे पाणी, कानस, तीन हात, आतून बाहेर.

मे महिन्यात अंबरनाथ पूर्वेच्या एका सोसायटीत पर्जन्यवृक्षाची मोठी फांदी उतरवायची होती. ती पार्किंगच्या पत्र्यावर कलली होती. पार्टनरने दोर लावून ती व्यवस्थित खाली आणली. धोक्याचे काम संपले होते. दाजी खाली पडलेल्या फांदीचे तुकडे करत होते. पाल्यात आणखी एक फांदी दडलेली होती, मनगटाएवढ्या जाडीची. पट्टीचे टोक तिला लागले.

पार्टनर पंधरा पावलांवर दोर गुंडाळत होता. त्याने मशीन वर उडालेली पाहिली आणि मग दाजी बसलेले पाहिले. ते पडले नाहीत, फांदीवर टेकून बसले आणि म्हणाले, "पार्टनर, इंजिन बंद कर." डावा दंड आतपर्यंत कापला होता. हाड वाचले. स्नायू शिवले गेले. मनगट उचलणारी नस तुटली होती. डॉक्टरांनी ती जोडली आणि सांगितले की वाट पाहावी लागेल, आणि वाट पाहूनही उपयोग होईलच असे नाही.

रुग्णालयाच्या जिन्यात पार्टनरने मला नाड्याचे सांगितले. त्याच्या शर्टावर तोपर्यंत वाळलेले रक्त होते.

"तू का नाही कापलास?" मी विचारले.

"मी?" तो म्हणाला. "मी कापला असता, तर काय म्हणाले असते सगळे? वहिनींनी देवाचं बांधलेलं, आणि ह्याने कैची लावली. ह्याला काय देवाचं. मी कसं कापणार, पेपरवाले? तुम्ही कापू शकत होता."

तो पुन्हा म्हणाला, "मी एकदा बोललो होतो दाजींना. ते म्हणाले, तिने बांधलाय, राहू दे. मग मी विषय काढला नाही. आपला धर्म वेगळा, आपण कशाला."

त्याच संध्याकाळी एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. तो अजून पेपरात आहे. अंबरनाथला झाड कापताना एक जण जखमी, माझ्या नात्यातलाच आहे असे कळले, तपशील हवा होता. मी वय, जागा आणि प्रकृती सांगितली. मग त्याने अपघाताचे कारण विचारले. "मशीनवरचा ताबा सुटला," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी चार ओळी आल्या. तिसरी ओळ चुकीची आहे. अशा बऱ्याच ओळी मी स्वतः नोकरीत असताना लिहिल्या आहेत; ताबा सुटल्याने, तोल गेल्याने, पाय घसरल्याने. त्यांच्या मागे काय असू शकते याचा विचार करायला वेळ नसे.

आठवड्याने मी मशीन उल्हासनगरच्या दुकानात नेली. ब्रेक खराब होता का, हे मला हवे होते. खरे म्हणजे तो खराब असावा असे मला हवे होते. दुकानदाराने चष्मा लावला, मशीन उलटसुलट केली आणि छोट्या कात्रीने नाडा कापला. मग अंगठ्याने गार्ड पुढे ढकलला. टक् असा आवाज झाला.

"ब्रेक एकदम ओके है," तो म्हणाला. "ये धागा किसने बांधा?"

"पूजा का था."

"पूजा हम भी करते हैं, साईं. गल्ले की करते हैं. बांध के बंद तो नहीं करते ना." मग त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले असावे. "हाथ गया क्या?"

"है. काम नहीं करता."

त्याने नाड्याचा तुकडा काउंटरवर ठेवला. तपासणीचे पैसे घेतले नाहीत. मी तुकडा रुमालात बांधून घरी आणला. तो अजून टेबलाच्या खणात आहे, काळा आणि कडक, गाठीसकट.

बहिणीला सांगायचे नाही हे आम्ही कधी ठरवले नाही. दाजी घरी आल्यावर पहिल्या दिवशी ती म्हणाली, "एवढी काळजी घेणारा माणूस. असं कसं झालं?" दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "होतं कधी कधी. मशीन आहे ती." तेव्हापासून तिला सांगायचे तसेच राहून गेले.

पण कारण हवे असते. न मिळाल्यास माणूस ते बनवतो. बहिणीने आधी त्या झाडावर घरटे होते का, याची चौकशी केली. मग तो दिवस शनिवार होता हे तिला आठवले आणि तिने शनिवार धरला. पावसाळा येईपर्यंत तिचे बोट पार्टनरवर येऊन थांबले. तो पंधरा पावलांवर काय करत होता? बरोबरच्या माणसाने बघायला नको? फांदी त्याने तशी का टाकली? पार्टनर दर रविवारी दाजींना भेटायला येई, येताना चिकू किंवा पपई आणी. पूर्वी त्याच्यासाठी न विचारता चहा येत असे. आता येईनासा झाला.

"वहिनी, पाणी तरी द्या, उल्हासनगरवरून आलोय," तो एकदा हसत म्हणाला.

"माठ तिकडे आहे," ती म्हणाली.

तो उठला आणि स्वतः घेऊन प्याला. दाजींनी उजव्या हाताने डावा हात मांडीवर सरळ करून ठेवला. मनगटाला त्यांनी डॉक्टरांनी दिलेली पट्टी बांधलेली असते, हात लोंबू नये म्हणून. आम्ही तिघे तिथे होतो आणि एका वाक्यात तो चहा परत आणता आला असता. कोणी ते वाक्य बोलले नाही. बाहेर पडताना पार्टनर मला म्हणाला, "चालतंय. मला बोलून त्यांना बरं वाटत असेल तर चालतंय."

यंदा सप्टेंबरात पार्टनरने सांगितले की तो मशीन चालवणार आहे. दाजींना येणे शक्य नव्हते, आणि काम बंद ठेवणे त्यालाही शक्य नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बदलापूरला एका सोसायटीत काम ठरले होते. वाळलेला अशोक काढायचा होता. तो सकाळी येऊन मशीन घेऊन जाणार होता. दाजींनी आठ दिवस त्याला अंगणात बसवून शिकवले. कानस कशी धरायची, अंगठा कुठून वळवायचा, कुठे उभे राहायचे. गार्डचे दाखवताना ते स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत आणि आवाज खाली आणत.

दसऱ्याला मी गेलो तेव्हा पाट मांडलेला होता. विळी, कोयता, मायक्रोमीटर. मशीन मधोमध. दाजी खुर्चीत बसले होते. मशीन त्यांनी एका हाताने साफ केली होती आणि गार्ड मुठीकडे ओढलेला होता, गेल्या वर्षीसारखाच, त्याच कारणाने. बहिणीने हळद लावली, कुंकू लावले. या वर्षी माळ मोठी होती. "मागच्या वर्षी काहीतरी कमी पडलं असेल," ती म्हणाली. मग तिने नाड्याची गुंडी घेतली, मूठ आणि गार्ड एकत्र धरले आणि एक वेढा दिला.

"बोट ठेव रे."

मी बोट ठेवले नाही.

"अरे, ठेव ना. घसरतंय."

"ताई, तिथं नको बांधू."

"मग कुठं बांधू?"

"कुठंच नको."

तिने वर पाहिले. "का? मागच्या वर्षी बांधला होता की."

दाजी म्हणाले, "जाऊ दे रे. नंतर बघू." नंतर म्हणजे काय, ते मला कळले. ती आत गेल्यावर आम्हा दोघांपैकी कोणीतरी तो सोडला असता, तिने विचारले असते तर गळून पडला म्हणालो असतो, आणि पार्टनर सकाळी मशीन घेऊन गेला असता. त्याने सकाळी गार्ड हलवून पाहिलाच असता. पण कोणी विसरले असते, तर? गेल्या वर्षी मीही उद्याच्या भरवशावर बोट काढून घेतले होते.

मी सांगितले. बातमी सांगतात तसे सांगितले, कारण दुसरे काही येत नव्हते. हा पंजा पुढे पडला की साखळी थांबते. त्या दिवशी तो पुढे पडला नाही. तो मुठीला बांधलेला होता. उल्हासनगरच्या दुकानदाराने नाडा कापला आणि ब्रेक चालू झाला.

तिने हातातली गुंडी पाटावर ठेवली. नाड्याचा एक वेढा अजून गार्डभोवती होता.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"दाजींना. पार्टनरला. दुकानदाराला. मला."

"म्हणजे मीच राहिले." मग ती दाजींकडे वळली. "तुम्ही सोडला का नाही?"

"तू बांधला होतास ना," दाजी म्हणाले.

"मी बांधला होता म्हणून हात घालवलात? मी काय देव आहे?"

ती पुन्हा माझ्याकडे वळली. शेडच्या भिंतीवरचा कागद तिने त्याआधी कधी वाचला असेल असे मला वाटत नाही. आता तिने तो वाचला, वरपासून, बोट ओळीवरून सरकवत, नवव्या सूचनेपर्यंत. लाल रेघेपाशी तिचे बोट थांबले. बोटाला कुंकू होते.

"हे अक्षर तुझंच ना?"

"हो."

"आणि गाठीवर बोटही तुझंच होतं."

"हो."

"शिकलेला म्हणून तुला बोलावते मी," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी त्या दिवशी काही बोलली नाही. तिने वेढा उलगडला, नाडा गुंडीवर परत गुंडाळला आणि गुंडी डब्यात ठेवली. स्कूटरलाही बांधला नाही. आपट्याची पाने तिने दाजींना दिली, मला दिली नाहीत. जेवण वाढले. पुरणपोळीवर तूप मात्र नेहमीइतकेच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला पार्टनर आला. मी रात्री तिथेच राहिलो होतो. तो नेहमीप्रमाणे दारातूनच मशीन उचलायला वळला. बहीण चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि तिने तो त्याच्या हातात दिला. त्याने कपाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. त्याला कळले असावे. त्याने चहा उभ्यानेच संपवला, गरम असताना.

"वहिनी, तुमची काही चूक—"

"ते राहू दे," ती म्हणाली. "आधी तो ब्रेक दाखव."

त्याने मशीन जमिनीवर ठेवली, वाकला आणि गार्ड पुढे ढकलला. टक्.

"परत."

त्याने मागे ओढला, पुढे ढकलला. टक्.

"परत."

आतून दाजी म्हणाले, "पुरे आता. त्याला उशीर होतोय."

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली.

पार्टनरने गार्ड पुन्हा मागे ओढला.